आधी काटकोन, मग डिंक

खर्र... धप्प. तुम्हाला सांगतो, बावन्न वर्षं झाली, पण तो आवाज अजून कानात आहे. मी शिंपी माणूस, रेल्वे फाटकवाल्याच्या घरी त्याच्या गणवेशाचं माप घ्यायला गेलो होतो, आणि त्याच्या मुलीनं अडकलेलं दार खांद्यानं लोटलं. दचकून माप चुकलं, बाही आखूड झाली, ती सारखी करायला चार फेऱ्या झाल्या, आणि पाचव्या फेरीला तिला लग्नाचं विचारलं.

ते रुळाकाठचं घर पुढे पाडलं. फोटो एकही नाही. त्या दिवशी बायको जेवली नाही, आणि नंतर घराचा विषयही तिनं काढला नाही. म्हणून जावयानं खेळण्यातली रेल्वे आणून दिली तेव्हा म्हटलं, रुळाशेजारी हिचं घर उभं करावं, वीतभर. चार भिंती, एक छप्पर, त्यात काय अवघड आहे?... इथंच फसलो.

कापड कसं, दोन सूत कमी पडलं तर ओढून घेता येतं, वरून इस्त्री फिरवली की कुणाला कळत नाही. पुठ्ठा ओढता येत नाही हो! तीन भिंती चिकटवल्या, चौथी पुरेना, ओढली, डिंक लावला, अर्धा तास दाबून बसलो, चहासुद्धा बायकोनं पाजला... आणि छप्पर ठेवलं तर एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखं डुगडुगायला लागलं.

ते घेऊन खेळण्यांच्या दुकानात गेलो, तर दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "काका, चूक चौथ्या कोपऱ्यात दिसते, पण झालेली असते पहिल्यात. आधी काटकोन, मग डिंक." आणि सुताराकडे काटकोन बघायला असतो तसला गुण्या, बोटाएवढा, माझ्या हातावर ठेवला.

आधी काटकोन, मग डिंक. दुसऱ्या घराला गुण्या लावला, पण डिंक वाळल्यावर. तिसऱ्याला वेळेवर लावला, तर तोच भिंतीला चिकटला, शेवटी घर कापून गुण्या बाहेर काढला. चौथ्याला मात्र कोपऱ्याच्या एका बाजूला माझी जुनी लोखंडी इस्त्री, दुसऱ्या बाजूला बटणांचा डबा टेकवून ठेवला, दिवसभर हात लावला नाही. काय घर झालं म्हणता! फुंकर मारली तरी दार लागायचं.

बायकोला बोलावलं. तिनं बोटानं दार लोटलं. आवाज न करता लागलं. "छान आहे," म्हणाली. "कुणाचं?"

आता काय सांगायचं तुम्हाला? मी ते दार चार वेळा लोटून पाहिलं. मग लक्षात आलं... अरे, हिच्या माहेरचं ते घर काटकोनात होतंच कुठे?

पाचवं घर घेतलं, दाराकडचा कोपरा दोन सूत तिरका ठेवायचा. पण इतके दिवस फुकट चुकणारा हात आता मुद्दाम चुकायला तयार नाही! पोटातून दुकानदार ओरडतोय, आधी काटकोन, मग डिंक, आणि मी त्याला दाबून आधी डिंक लावतोय. तीनदा उचकटलं, तेव्हा कुठे मनासारखं वाकडं झालं.

पुन्हा बोलावलं. तिनं बोट लावलं. दार अडलं. मग तिनं नखानं जरा जोर दिला... डासाएवढं खर्र, आणि डासाएवढं धप्प.

तिनं दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. लोटताना तिचा उजवा खांदाही पुढे होत होता, तिला ठाऊक नसावं. मी म्हटलं, "आता तरी ओळखलंस?"

तिनं टेबलावरचा गुण्या उचलला, मुठीत घेतला.

"अगं, तो राहू दे, अजून अख्खं स्टेशन उभं करायचंय..."

ती गुण्या घेऊन आत निघून गेली.