अर्धं सांगितलेलं खरं

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. एक माणूस खोटं बोलला नाही. एक शब्दही नाही. पण जे ठाऊक होतं त्यातलं अर्धंच सांगितलं. तो दोषी की निर्दोष?

लगेच माना हलवू नका. आधी ऐका.

उदगीरला वैजयंतीबाई नावाची बाई. नवरा वारलेला, डाळमिलच्या हापिसात नोकरी, पदरी बारा वर्षांची अनुश्री. पोरीला लहानपणापासून साखरेचा आजार. आता यंत्रं निघालीत बघा. दंडाला बिल्ल्याएवढं यंत्र चिकटवायचं, ते रक्तातली साखर पोरीच्या फोनला कळवतं. साखर उतरली की आईच्या फोनवर घंटा वाजते. शाळेत पोरीचा फोन दप्तरात, आवाज बंद. म्हणून आईची घंटा हाच आधार. त्या घंटेनं पोर दोनदा वाचली होती.

बाईंचा धाकटा भाऊ हेरंब, लातूरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. गुणी माणूस. बहिणीचा फोन जुना झालेला. हेरंब म्हणाला, "ताई, नवा कशाला घेतेस? ह्यातली कंपनीची सिस्टीम काढतो, मोकळी घालतो. तिचा कोड जगापुढं उघडा आहे. कुणीही वाचावा. लपवाछपवी नाही. तू कुठं जातेस, काय बघतेस, यावर कुणाची नजर राहणार नाही."

ताई म्हणाली, "मला त्यातलं कळत नाही. अनूची घंटा वाजेल ना?"

"वाजेल की."

आणि त्यानं वाजवून दाखवली! ॲप उघडलं, घंटा वाजली. बहिणीचा जीव भांड्यात पडला.

आता इथं नीट कान द्या. फोन चालवणारी ती सिस्टीम उघडी असते, हे खरं. पण तिच्यावर कंपनीच्या काही सेवा असतात, त्या बंद. त्यांचा कोड कुणाला दिसत नाही. आणि फोन मिटून ठेवला असताना बाहेरून निरोप आणून देणं, हे बहुतेक ॲपचं काम त्या बंद सेवांवरच चालतं. हेरंबानं कंपनीचं सगळं काढलं, त्यात निरोप आणणाराही गेला. ॲप समोर उघडं असेल तर घंटा वाजणार. फोन मिटलेला असेल तर नाही.

गुरुवारी शाळेत खेळाचा तास. अनू म्हणाली, डोकं दुखतंय. वर्गाच्या बाईंनी व्हरांड्यात बसवलं. पोर भिंतीला टेकली, मग आडवी झाली. मुलं म्हणाली, झोपली.

मिलमध्ये आईचा फोन टेबलावर होता. समोरच. गप्प.

जेवायच्या सुट्टीत तिनं सहज ॲप उघडलं आणि अडलेल्या सगळ्या सूचना एकदम कोसळल्या. तिनं शाळेत फोन लावला. "बाई, अनू कुठंय?"

"झोपलीय हो. डोकं दुखत होतं तिचं."

"झोपली नाही ती. उठवा तिला."

पलीकडून हाका ऐकू आल्या. अनू, ए अनू. मग नुसती पळापळ.

पोर जगली, मंडळी. पण मेंदू फार वेळ साखरेवाचून राहिला. आज ती आईला ओळखते. बोलायला लागते आणि मधेच थांबते. पुढचा शब्द सापडत नाही. आई तो शब्द हळूच पुढं करते. पोर मान हलवते, की हा नव्हे.

दवाखान्याच्या जिन्यात बहिणीनं भावाला विचारलं, "हेरंब, तुला ठाऊक होतं?"

तो म्हणाला, "काही भाग बंद असतो, तो काढावा लागतो, हे ठाऊक होतं. घंटा त्यावर चालते, हे मी बघितलं नाही."

"मग तो भाग काढलास एवढं तरी का नाही सांगितलंस?"

हेरंब पायरीवर बसला. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. नको म्हणाली असतीस."

बघा. खोटं कुठं बोलला? उघडं आहे म्हणाला, आणि ते होतंच. कंपनीही तेच म्हणते, तीही खोटं बोलत नाही. जेवढं उघडं तेवढं दाखवायचं, बाकीचं विचारल्याशिवाय सांगायचं नाही. आणि विचारणार कोण? ज्याला कळत नाही, तो?

वैजयंतीबाईंनी फोन पुन्हा कंपनीच्या हवाली केला. नजर ठेवा म्हणाल्या, काय ठेवायची ती, पण घंटा वाजवा. ते काम हेरंबानंच आपल्या हातानं करून दिलं. बहीण त्याला चहा देते. जेवायला वाढते. पण पोरीच्या औषधातलं त्याला काही विचारत नाही.

आता तुमच्याकडं वळतो. फोन राहू द्या. मुलाचं लग्न ठरवताना त्याचा कोणता आजार तुम्ही सांगितला नाहीत? जमीन विकताना विहीर कोणत्या महिन्यात आटते, ते सांगितलं? समोरच्यानं विचारलं नाही, म्हणून तुम्ही सुटलात?

मगाच्या माना आता हलवा.

नाव घ्यायचंय विठ्ठलाचं, घेऊच. पण टाळ उचलण्याआधी, ज्याला अर्धं सांगितलं तो माणूस प्रत्येकानं डोळ्यांपुढं आणा. तो अजून तुमच्या भरवशावर निर्धास्त बसलाय.