जोडीदाराचा नियम

शिंपीणबाईंच्या डाव्या कानाला दडे बसले होते, म्हणून त्या कानाच्या डॉक्टरकडे आल्या होत्या. उजवा कान मात्र शेजारच्या बाकाकडे लागला होता. तिथे डायव्हिंगआधी कान तपासून घ्यायला आलेले एक काका आणि त्यांना स्कूबा डायव्हिंग शिकवणारा तरुण बसले होते.

“काका, पुढचा कोर्स तुमच्या काही कामाचा नाही. आहे त्या सर्टिफिकेटवर खुशाल उतरा.”

“तू नाव घाल माझं.”

“अहो, तीन झाले! आणखी किती खोल जायचंय?”

“खोल कोणाला जायचंय? कोर्समध्ये जोडीदार मिळतो. उतरण्याआधी माझे पट्टे ओढून बघतो, हवा पुरेल ना विचारतो.”

“तो नियमच आहे.”

“म्हणूनच कोणी विसरत नाही.”

“बरं. फॉर्मवर तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं, ते राहिलंय.”

“मागच्या वेळचाच नंबर टाक.”

“काका, तो माझा आहे.”

“ठाऊक आहे. तेवढाच पाठ आहे मला.”