बिमार मी, रिपोर्ट यमुनेचा

...नाई, तुमीच सांगा ना, बिमार कोण हाय? मी! शुगर कोणाले? मले! सकाळ-संध्याकाळ मूठ-मूठ गोळ्या कोण गिळून राहिला? हा वामन! अन् सारं सौंसर गाव मले रस्त्यात थांबवून विचारते, "काहो, यमुनाबाईची तब्येत कशी हाय?" अरे, मी का लायटीचा खांब हाव? बिमार मी हाव ना, भाऊ!

झालं काय, तुमाले सांगतो... नागपूरच्या एका दवाखान्यात शुगरवाल्याईच्या किडनीचा अभ्यास चालू हाय. तिथं शीतल नावाची पोरगी संशोधन करते, आपल्या मोहगावचीच, बाप संत्र्याच्या बगीच्यावाला. मले म्हणे, "काकाजी, अभ्यासाले रक्त द्याल का?" म्हटलं, ने बाई, घरात तं त्याले कोणी विचारत नाई! आता आपल्यात मानूस दवाखान्यात एकटा जाते का? नाई जात. म्हणून बायको, यमुना, संगतीले. संगतीले म्हणजे कशी, तं आरोपीच्या संगतीले शिपाई असते तशी! सावनेरले गाडी थांबली, भजेवाला खिडकीशी आला, मी नुसतं पाह्यलं... नुसतं पाह्यलं, भाऊ!... तं म्हणे, "डोये तिकडं फिरवा." डोयाले बी पथ्य!

तिथं गेल्यावर शीतलनं समजावलं. पोरगी हुशार, पण बगीच्यातली, सारं ठिबकवर आणून सोडते. "काकाजी, बाबांच्या बगीच्यात ठिबकच्या नळ्या आहेत ना, तशा किडनीत केसाहून बारीक रक्ताच्या नळ्या असतात. शुगरनं त्या खराब होतात. झाड वाळलं की सगळ्यांनाच दिसते, पण नळी बिघडून राहिली हे आधी कसं कळावं? तर रक्तात मायक्रो-आरएनए म्हणून एकदम बारीक तुकडे फिरत असतात. नळ्यांना इजा झाली की त्यातले काही वाढतात, काही घटतात. ते आधीच खबर देतात का, हेच आम्ही पाहून राहिलो." म्हटलं, "म्हणजे चुगलखोर?" हासली. म्हणे, "हो, पण त्यांची चुगली कितपत खरी, हे अजून ठरायचं आहे." बापा रे! घरात बायको, खिडकीत शेजारी, अन् आता रक्तात बी चुगलखोर! मानसानं जाव कोठी?

इथवर ठीक होतं. मंग थे पोरगी यमुनेकडं वळली. "काकू, तुलनेसाठी आम्हाला निरोगी माणसं बी लागतात. तुम्ही द्याल रक्त?"

निरोगी! झालं! पदर खोचला, बाही वर केली, अन् माह्याकडं असं पाह्यलं जशी का सरपंच निवडून आली! "घे वं माय, दोन शिश्या घे! मले काहीच नाई. तोंडावर ताबा नाई यायचा, म्हणून भोगून राहिले." परतीच्या गाडीत ड्रायव्हरले सांगितलं, गल्लीत कलाबाईले सांगितलं, दूधवाल्याले दूध मापता मापता सांगितलं, "मले नागपूरवाल्याईनं निरोगी म्हणून निवडलं!" अन् मले विचारलं का कोणी, बावा तुह्या रक्ताचं काय? बिमार मी हाव ना!

मंग फोन आला. आमची पोरगी प्रज्ञा बोलली शीतलशी, अन् बोलता बोलता भिंतीले टेकली. काय, तं ते बारीक तुकडे पाहाच्या आधी साधी तपासणी करते, त्यातच काकूची शुगर लय वाढलेली निघाली, अन् लघवीत प्रोटीन. निरोगीच्या रांगेत घेता येत नाई. किडनीवर असर सुरू झाला असन, लवकर डॉक्टरले दाखवा.

तुमाले सांगतो, पहिले मले हासू आलं. म्हटलं, घे! आली ना माह्या रांगेत!... अन् मंग मावसभाऊ आठवला. पांढुर्ण्याचा, भिवाजी. हप्त्यातून दोनदा रक्त धुवाच्या मशीनीवर जाते. त्याले बी 'काहीच नाई' होतं, भाऊ. लय भ्यालो मी.

अन् थे? ऐकन तं यमुना कायची! "शिश्या बदलल्या! यायचं रक्त माह्या नावावर लावलं! मी नाई जात!" अवो, पाय सुजले तुहे! "सुजले नाई, चपला तंग हाय." प्रज्ञा रडली, शीतलनं परत फोन केला, मी हात जोडले. नाई म्हणजे नाई! मले सांगा, बिमार मानसाले दुसऱ्यानं समजवा लागते, का त्यानंच घरभर समजावत फिरा लागते?

अशात बुद्धपौर्णिमा आली. विहारात खीर, हा एवढा गंज भरून! सगळ्याईले वाढून झाल्यावर यमुनेनं आपला कटोरा भरला, अन् मले दाखवून दाखवून म्हणते, "निरोगी मानसानं खावं."

सरकलं माहं डोस्कं! मी बी कटोरा भरला, काठोकाठ. म्हटलं, "शिश्या बदलल्या ना? मंग तं थे चांगलं रक्त माहं! निरोगी मी हाव! आता खातो!"

सारं विहार आमच्याकडं वळलं. कलाबाई हातात वाढाचा डाव घेऊन उभीच्या उभी.

"ठेवा खाली!"

"तू ठेव."

"तुमाले सोसणार नाई!"

"अन् तुले सोसते?"

चमचा ओठाशी आणला. विलायचीचा असा वास... जाऊ द्या, त्याच्याबद्दल बोलत नाई. यमुनेनं माह्या चमच्यावर डोये रोखले. म्हणे, "तुमी गेले तं मी कोणाच्या ताटावर लक्ष ठेवू?"

म्हटलं, "अन् तू गेली तं माह्यावर कोण ठेवन?"

चार लोकाईत बोलून गेलो, भाऊ. तिनं कटोरा खाली ठेवला, पदरानं नाक पुसलं, अन् म्हणे, "उद्या जाऊ. पयले थो चमचा ठेवा."

गेलो. गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी, रोज चालणं. अन् बाई जिद्दीची, तुमाले तं मालूम! अंधारात उठून मोहगावच्या रस्त्यानं अशी चालते का मी मांगून वरडतो, "अवो, बिमार मी हाव, जरा हळू!"

परवा तपासणी होती. डॉक्टरनं तिचा रिपोर्ट पाह्यला. "वा, यमुनाबाई! शुगर ताब्यात, प्रोटीन बी कमी!" मंग माहा पाह्यला. चष्मा काढला, पुसला, परत पाह्यला. "वामनराव... जरा बाईकडून शिका."

बाहेर बाकड्यावरचे सारे शुगरवाले तिच्याभवती. भाकर किती खाव, चालाव किती... थे सांगून राहिली, अन् मी बाजूले थैली धरून उभा. सांगा आता! वर्गात जुना मी, सिनियर मी... अन् नवीन ॲडमिशनवाली मॉनिटर!