खरं हाय, माउली

हंबीरराव : ...ऱ्हाऊ दे गं ते पीठ जरा. ये, संयोगिता, अशी जवळ बस. एक गोष्ट सांगतो. गोड सुरू हुतीया, शेवटाला कडू हाय. पर ऐक.

संयोगिता : आबा, मग भाकरी कोण थापणार? गोष्ट?

हंबीरराव : सासरा बोलतोय म्हणून न्हाय, कीर्तनाला बसल्यावानी बस. तर आपल्या ह्याच मंगळवार पेठेत एक टाळकरी हुता. गळा बेताचा, पर टाळ पक्का. बुवांनी चरण टाकला की ह्येनं मागनं झेलायचा. बुवांनी दृष्टांत दिला की मान हलवून म्हणायचं, 'खरं हाय, माउली!' उभी हयात डेअरीत दूध मोजलं आन् सांजच्याला टाळ कुटला.

संयोगिता : मग ह्या टाळकऱ्याला त्याच्या सुनेनं मोबाईल घेऊन दिला.

हंबीरराव : मधी बोलू नगंस. गोष्टीतला टाळकरी येगळा.

संयोगिता : बरं, वेगळा.

हंबीरराव : तर मोबाईल आला. त्येला वाटलं, ह्यो बी एक देवळाचा सभामंडपच. कुणी काय बोललं की मागं उभं ऱ्हाऊन साथ द्यायची. आन् जे येईल ते पुढं धाडायचं. प्रसाद आल्यावर कोण मुठीत धरून बसतंय व्हय? वाटायचा!

संयोगिता : म्हणूनच कुणीतरी 'उद्या पाणी येणार नाही' असं टाकलं, तर खाली टाळकऱ्याचं 'खरं हाय, माउली'. गल्लीतल्या सम्राटनं नवी म्हैस घेतली, तिच्या फोटोखाली 'खरं हाय, माउली'. ती म्हैस काय दृष्टांत देत होती, आबा?

हंबीरराव : हस. हसायचं हितंवरच हाय.

संयोगिता : काय झालं? सांगा की.

हंबीरराव : एकादशी झाली आन् दुसऱ्या दिवशी गल्लीच्या ग्रुपवर एक फोटो आला. देवळाच्या पायरीवर हार विकणारी बाई, तिच्या म्होरं पोतं, पोत्यात देवाच्या अंगावरनं उतरलेले हार. वर लिवलेलं, 'देवाला वाहिलेले हार ही बाई घरी नेते आणि आपल्यालाच परत विकते. सावध राहा.' टाळकरी तवा दाढी करत हुता. चष्मा खिडकीत. फोटोत देऊळ दिसलं, हार दिसले. वरचं वाचायचं कुणी? त्येनं लिवलं...

संयोगिता : आबा.

हंबीरराव : ...'खरं हाय, माउली.' आन् भजनी मंडळाच्या ग्रुपवर धाडून बी दिलं. प्रसाद.

संयोगिता : आबा, बाईचं नाव धोंडुबाई. ही गोष्ट आता राहू दे. मला सगळं माहीत आहे, त्या ग्रुपची ॲडमिन मी आहे.

हंबीरराव : मग तवाच बोलली का न्हाईस?

संयोगिता : काय बोलू? मी कंपनीच्या बसमध्ये होते, कागलच्या वाटेवर. बघितल्या बघितल्या काढून टाकणार होते. आपल्या गल्लीतल्या स्वप्नालीनं टाकलेलं. तिनं पोतं बघितलं आणि पुढचं मनानंच जोडलं. माझा अंगठा बटणावर होता. तेवढ्यात खाली तुमचं नाव दिसलं. म्हटलं, आबा रोज देवळात असतात, त्यांना ठाऊक असणार. आणि ठेवलं.

हंबीरराव : म्हणजे माझ्या नावावर ऱ्हायलं ते.

संयोगिता : तुमच्या नावावर मी एकटीनंच विश्वास ठेवला असं नाही. हे वाचा. 'तात्या म्हणतात म्हणजे शंकाच नको.' हे बघा, 'हंबीरतात्यांसारखा माणूस उगीच बोलणार नाही, हाकला तिला.' उद्या शिळा प्रसाद पण विकेल म्हणे.

हंबीरराव : आन् देवळाच्या कमिटीतल्या उदयसिंहानं कमिटीच्या नावानं तिची फुलांची पाटी उचलाय लावली. काल गेलतो मी. पायरी मोकळी. माणसं चपला काढून ठेवत हुती तिथं.

संयोगिता : पण खरं काय आहे? ते हार ती नेते तर खरंच ना?

हंबीरराव : मीच न्ह्यायला लावले! निर्माल्य पंचगंगेत सोडायचं न्हाय असं ठरलं, तवा गावात एक माणूस हात लावंना. मी तिला म्हणलो, 'धोंडूआक्का, तुझ्या परसात एक खड्डा काढ की.' तिथं ती खत करती. देवळाच्या तुळशीला तेच घालतोय आपण. रुपाया घेतला न्हाय कधी. 'देवाचं हाय, त्येचं काय घेऊ' म्हणायची.

संयोगिता : नंतर तो फोटो नीट बघितलात का? चष्मा लावा. थांबा, मोठा करते. हे पोत्याचं तोंड कुणीतरी धरलंय. नुसता हात आलाय, माणूस फोटोच्या बाहेर आहे.

हंबीरराव : असंल कुणीतरी.

संयोगिता : करंगळी बघा.

हंबीरराव : वाकडी हाय.

संयोगिता : तालमीत मोडलेली.

हंबीरराव : ...माझा हात हाय गं. पोतं मी धरलंय, ती भरतीया. आन् त्येच्याच खाली मी... पूस. पूस ते पहिलं.

संयोगिता : पुसते. पण वाचणाऱ्यांनी वाचलं, आबा. तुम्ही गुपचूप पुसलंत तर म्हणतील, तात्यांवर दबाव आला. तिच्यावरचा डाग तसाच राहील.

हंबीरराव : मग लाव फोन. लेकीकडं गेलीया ती, मुरगूडला. लाव म्हणतोय न्हवं!

(संयोगिता फोन लावून मधे ठेवते. धोंडुबाईंचा आवाज खोलीभर ऐकू येतो.)

धोंडुबाई : कोण?

हंबीरराव : आक्का, मी हंबीर.

धोंडुबाई : बोला, दादा.

हंबीरराव : आक्का, चुकलो. न वाचता लिवलं. तोंडात बसल्यालं हाय ते, हातात उतरलं.

धोंडुबाई : नात वाचून दावत हुती मला. पयल्या शिव्या ऐकल्या आन् मला हसू आलं. म्हटलं, थांब की, हंबीरदादा येतील आता, एकेकाला सोलून काढतील. त्येंनीच पोतं धरून दिलंय मला. मग पोर वाचता वाचता थांबली. म्हटलं, वाच की गं. तर म्हणली, आजी, तुझ्या दादांचं नाव हाय खाली.

हंबीरराव : आक्का...

धोंडुबाई : मी म्हटलं, दुसरा कोण तरी हंबीर असंल.

संयोगिता : मावशी, मी संयोगिता. आम्ही आत्ताच खरं काय ते लिहितो. कमिटीला पण सांगतो. तुम्ही या परत.

धोंडुबाई : लिवा बाई. पर मी यायची न्हाय. एक बाई आलती त्या दिवशी. हार घेतला, नाकाशी धरला, वास घेतला. शिळा हाय का बघाय. इतकी सालं मी हार इकले, फुलाचा वास कुणी तसा घेतला नव्हता. आता हरएक हार असाच नाकाशी जाणार. ते मला बघवत न्हाय. ठेवू का? भाकरी करपती.

हंबीरराव : ठेवला गं तिनं.

संयोगिता : पाणी घ्या, आबा. मी लिहिते. 'गैरसमजातून झालेल्या प्रकाराबद्दल दिलगिरी...'

हंबीरराव : कुणाचा गैरसमज? कसला प्रकार? त्यात माणूसच न्हाय एक बी. मी सांगतो ते लिव. 'मी हंबीरराव, टाळकरी. त्या फोटोत जो हात हाय तो माझा हाय. हार मीच तिला न्ह्यायला लावले, खत कराय. धोंडुबाईनं एक हार परत इकलेला न्हाय. मी न वाचता खरं हाय म्हणलो आन् ते खोटं हुतं.' एवढंच.

संयोगिता : 'खोटं होतं' असंच ठेवू? लोक तुम्हालाच बोलतील.

हंबीरराव : बोलू देत. तिला बोलले तवा मी टाळ धरलाच हुता की. आन् तू?

संयोगिता : मी खाली माझं लिहिते. की मी ते काढणार होते आणि नाव बघून ठेवलं. स्वप्नालीकडं मी स्वतः जाते, ग्रुपवर तिला झोडायला नको. टाकू?

हंबीरराव : एकदा वाचून दाव.

संयोगिता : 'मी हंबीरराव, टाळकरी. त्या फोटोत जो हात...'

हंबीरराव : हां. टाक.

संयोगिता : टाकलं. भजनी मंडळाला पण.

हंबीरराव : वाजलं बघ. आलं काय तरी.

संयोगिता : मंडळातनंच आहे. नृसिंहकाका.

हंबीरराव : काय म्हणतोय पेटीवाला?

संयोगिता : 'खरं हाय, माउली.'

हंबीरराव : वाचलं असंल का गं त्येनं?

संयोगिता : मी बोट उचललं आणि लगेच आलंय, आबा.

हंबीरराव : ...बरं. जा, भाकरी थाप. आन् ऐक. सकाळच्याला बस धराय देवळावरनंच जातीस न्हवं? त्या पायरीपाशी जरा थांब. चपला असतील तर बाजूला सार. ती रोज पयलं त्या दगडावर पाणी मारायची, मग फुलं ठेवायची, मग आपण बसायची. माझं काय, मी आज हाय, उद्या न्हाय. तू ध्यानात ठेव, तिथं धोंडुबाई बसायची.