माश्यांनी खाल्लेला ताप

मूल या तालुक्याच्या ठिकाणाच्या अलीकडे एक गाव होतं, गावात माझा नवरा होता आणि नवऱ्याच्या अंगात दिवसाआड ताप होता. थंडी भरली की चार गोधड्यांखाली तो खाटेसकट हलायचा.

सरकारी दवाखान्यातले हिवतापवाले भाऊ आले. त्यांनी नवऱ्याच्या बोटाला सुई टोचली, काचेवर रक्त घेतलं, काच ओट्यावर वाळत ठेवली आणि चहा पिऊन तालुक्याला गेले. आठ दिवसांनी परत येऊन म्हणाले, "दुर्बिणीत काईच दिसलं नाई."

सासू म्हणाली, "दिसन कसं? धान लावाचा रोवणा आला का याले ताप येते."

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. गोळ्या मिळाल्या नाहीत, वरून नवऱ्याला कामचोर हे नाव पडलं.

तिसऱ्या खेपेला भाऊ चहा पीत होते आणि मी ओट्याकडे पाहिलं. काचेवर माश्यांची पंगत बसली होती.

"भाऊ, तुमी दुर्बिणीत काय पाहता?"

"रगत, बाई."

"रगत त माश्यायनं खाल्लं. आता ताप पाहाचा असन त त्यायच्यात पाहा."

भाऊंनी कप खाली ठेवला. दुसरी काच काढून पुन्हा रक्त घेतलं. मी तिच्यावर शेणानं लिपलेली टोपली पालथी घातली आणि काच वाळेपर्यंत तिथंच बसून राहिले.

या वेळी भाऊ चौथ्याच दिवशी गोळ्या घेऊन आले. "बाई, दुर्बीण भरून जंतू हायेत."

गोळ्यांनी नवरा उठला. धान कापायला सगळ्यांच्या पुढे तोच होता आणि आमच्या घरात सुख आलं. सासू मात्र बांधाबांधावर सांगत फिरली, "माह्या पोराचा ताप खरा होता. सरकारनं पास केला."