गोरक्षभाऊंच्या हारातली माशी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बाळाजीराव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आपले सत्कारमूर्ती गोरक्षभाऊ आहेर, त्यांच्या शेजारी येवल्याची पैठणी नेसून बसलेल्या सौ. चंद्रभागावहिनी, आणि कळवणपासून लासलगावपर्यंत आपापल्या मधपेट्या देवाच्या भरवशावर सोडून नाशकात जमलेले माझे सर्व मधपाळ बंधू-भगिनी, आपणा सर्वांना मी, संघाची सचिव यशश्री, मनापासून नमस्कार करते. आणि भाषणाआधी एक नम्र विनंती करते. कोणीही जागचं उठू नये. टाळ्या वाजवू नयेत. पंख्यांच्या बटणापाशी जे गृहस्थ बसलेत त्यांनी तेवढे पंखे बंद करावेत. आभारी आहे.

कारण असं की, आत्ताच भाऊंच्या गळ्यात आपण जो शेवंतीचा हार घातला, त्यात एक मधमाशी बसली आहे. मागच्यांना दिसत नसेल म्हणून सांगते, डाव्या खांद्याच्या जरा खाली. पुढच्या रांगेला दिसली असावी, कारण ठमाबाईंनी तोंडावर हात ठेवलाय. ठमाबाई, हात तिथंच राहू द्या.

पाहुण्यांना वाटेल, एवढे मधपाळ जमलेत आणि एका माशीला घाबरतात? घाबरतो. भाऊंना आता डंख सोसत नाही. डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत बजावलंय की पुढचा डंख जीवावर बेतू शकतो. म्हणून तर हा निरोप समारंभ आहे, म्हणून तर भाऊ पेट्या सोडून मेलबर्नला लेकीकडे, आरोहीकडे निघालेत. अशा वेळी द्यायचं इंजेक्शन तिनंच पाठवलंय, पेनासारखं असतं. ते वहिनींच्या पिशवीत आहे. आणि पिशवी गाडीत आहे. आणि गाडी, गंगापूर रोडवर कधी कुणाला जागा मिळाली आहे का, ती दोन गल्ल्या सोडून लावली आहे. आपल्या संघातला दीपक ती आणायला पळालाय. तो येईपर्यंत मी बोलत राहणार. मी थांबले की खुर्च्या सरकतील आणि कोणीतरी शूरवीर रुमाल झटकत पुढे येईल. आपल्या संघात शूरवीरांची कमतरता नाही, हे सचिव म्हणून मला चांगलं ठाऊक आहे.

भाऊ, काय म्हणालात? ‘बोल, यशश्री, ती बी ऐकू राह्यली.’ बघा, हा माणूस आत्तासुद्धा थट्टा करतो. भाऊ, कृपा करून ओठ हलवू नका.

तर, सत्कारमूर्तींविषयी चार शब्द. भाऊंनी या जिल्ह्याला काय दिलं? कांद्याच्या फुलांना, म्हणजे डोंगळ्यांना, बी धरायचं तर माशी लागते, डाळिंबाला फळ धरायचं तर माशी लागते, हे त्यांनी बांधाबांधावर जाऊन पटवलं. पावसाळ्यात फुलं नसली की माशांना काय खायला घालायचं, तेही त्यांनीच शिकवलं. साखरेचा पाक, आणि सोयाबीनच्या पिठात यीस्ट कालवून केलेल्या वड्या. या यीस्टपायीच पुढचं सगळं रामायण झालं.

आरोहीनं तिकडून एक बरणी पाठवली. यीस्टचाच खारट लगदा, काळाकुट्ट, तिकडची माणसं पावाला लावून आवडीनं खातात म्हणे. भाऊंनी ती बैठकीत फिरवली. ठमाबाईंनी बोट चाटलं आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, हे तर गाडीच्या चाकाचं वंगण हाय!’ मग सुरुवात झाली. यीस्टच आहे ना, घाला माशांना! खारा मध निघेल, लिंबू पिळलं की सरबत तयार, मीठ वेगळं नको. एक जण म्हणाला, माशा इंग्रजीत गुणगुणतील. दुसरा म्हणाला, राणीमाशी पासपोर्ट काढेल. मीठ माशीला बाधतं हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, त्यामुळे खरं कोणी घातलं नाही. पण थट्टा काही थांबेना. ग्रुपवर सकाळच्या सुविचाराऐवजी बरणीचा फोटो येऊ लागला.

माशी वर सरकते आहे. अध्यक्ष महाराज, आपण टेबलावरची ती ताटली सावकाश झाकाल का? सावकाश. धन्यवाद. त्या ताटलीत आपल्याच उत्साही मंडळींनी भाऊंच्या गमतीखातर दोन पाव ठेवले होते, एकाला काळं वंगण आणि एकाला मध. मध उघडा ठेवला! मधपाळांनी! खिडक्या सताड उघड्या असताना! यावर मी नंतर बोलेन, आणि ते गोड नसेल.

मला भीती वाटते आहे, मंडळी. उगाच सभाधीटपणाचा आव आणत नाही. कारण हे सगळं मी एकदा पाहिलेलं आहे.

भाऊंची एक नक्कल होती. त्या बरणीतलं बोटभर खायचं, डोळे फिरवायचे, गळा धरायचा आणि धाडकन आडवं व्हायचं. मग उठून नमस्कार करायचा. दरवेळी आम्ही पोट धरून हसायचो. मागच्या माघात लासलगावच्या अलीकडे दीपकच्या शेतावर पेट्या बघून आम्ही जेवायला बसलो होतो. डोंगळे फुललेले, माशा मजेत. भाऊंच्या कॉलरमध्ये एक माशी अडकली, चावली, त्यांनी ती काढून टाकली. आपण मधपाळ डंखाकडे लक्ष देतो का? आपण डासाला जास्त शिव्या देतो. भाऊंनी भाकरीला ते काळं लावलं, घास खाल्ला, आणि थोड्या वेळानं डोळे फिरवले, गळा धरला आणि आडवे झाले.

आम्ही टाळ्या वाजवल्या.

कोणीतरी म्हणालं, आज फारच रंगलंय. तोंड लाल झालं, आम्ही म्हटलं, वा! ओठ सुजले, तेव्हा कुठं दीपक ओरडला, ‘ताई, भाऊ उठू नाय राह्यले!’ तरीही आम्हाला वाटलं, त्या बरणीनंच घात केला. कोणी पाणी पाजतंय, कोणी ओकारी काढायला बघतंय. डंख कोणाच्या डोक्यातच येईना, कारण भाऊंना आयुष्यात डंख किती झाले असतील! कांद्याच्या पिकअपमध्ये घालून दवाखान्याकडे निघालो तर पुढे लिलावाच्या ट्रॅक्टरांची रांग. माझ्या मांडीवर भाऊंचं डोकं होतं आणि घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. ट्रॅक्टरवाल्यांनी शेतात चाकं घालून आम्हाला वाट करून दिली, म्हणून आज हा सत्कार आहे. नाहीतर आपण याच सभागृहात दुसऱ्या कारणासाठी जमलो असतो. बोलू नये ते बोलले, क्षमा असावी.

मंडळी, माशी आता हारात नाही. ती भाऊंच्या कॉलरवर आहे. भाऊ, डोळे मिटा. मान हलवू नका. श्वास नाकानं, हळू. पुढच्या रांगेनं कृपया फुंकर मारू नये, माशीला श्वास लागला की ती चिडते, हे भाऊंनीच आपल्याला शिकवलंय. दीपक कुठे आहे? कोणी दारातून पाहाल का?

वहिनी, आपण बसा. वहिनी, उठू नका, मी विनंती करते. यांना सवय नाही हो, या आयुष्यात कधी पेटीजवळ गेलेल्या नाहीत, भाऊंचे कपडेसुद्धा अंगणात झटकल्याशिवाय घरात घेत नाहीत. वहिनी, हात नको.

वहिनींनी बोट लावलं. माशी बोटावर चढली. आता तळहातावर आहे. वहिनी, तशाच खिडकीकडे चला, हळू, ती आपोआप उडेल...

वहिनींनी मूठ मिटली.

मूठ मिटली त्यांनी. अहो, उघडा ती! उघडा! चावली ना? दाखवा.

मंडळी, बसून राहा. भाऊंना काही झालेलं नाही. भाऊ ठीक आहेत. भाऊ उठलेत, त्यांनी वहिनींचा हात धरलाय आणि नखानं नांगी खरवडून काढताहेत. बाजूनं, चिमटीत न धरता, शिकवतात तशीच. पण नख दोनदा घसरलं. जमत नाहीये. भाऊ, मी काढू का? बरं. निघाली.

वहिनी म्हणताहेत, ‘अहो, मला काय नाय झालं, सोडली असती तर ती परत तुमच्याकडंच आली असती, तुम्ही बसा ना खाली.’ आणि भाऊ म्हणताहेत, ‘तू गप. नाय, गप नको राहू, बोलत राहा. घसा दुखतो का? जीभ दाखव.’ वहिनींना यापूर्वी कधी माशी चावलीय का, हे भाऊंनाही आठवत नाहीये. दीपक आला. पिशवी इकडे दे, ते इंजेक्शन हाताशी असू दे.

इतक्या वर्षांत मी भाऊंना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. पिकअपमध्येसुद्धा ते मला डोळा मारत होते. आत्ता बघा, घामानं डबडबलेत, हार एका खांद्यावरून लोंबतोय आणि ते बायकोच्या ओठांकडे टक लावून बसलेत, जरा सुजतात का म्हणून. भाऊ, रागावू नका, पण पिकअपमध्ये आम्ही तुमच्याकडे असंच बघत होतो. आता यापुढे तुम्ही लेकीकडे गेलात आणि आम्ही रोज फोन केला, तर ‘काय कटकट आहे’ म्हणायचं नाही.

ठमाबाई, खुर्ची घेऊन वहिनींजवळ बसा. त्यांना बोलतं ठेवा. वहिनी, इकडे बघा. हसताय? हसा.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, दीपकच्या पायांचे आणि आपण सर्व जण इतका वेळ पुतळ्यासारखे बसून राहिलात त्याबद्दल आपले मी आभार मानते. सत्कारमूर्तींबद्दल बोलायचं पुष्कळ राहून गेलं, क्रम चुकला, आवाज चढला, वडीलधाऱ्यांवर ओरडलेही. सगळं पोटात घाला. जेवण तयार आहे असं मला खुणावताहेत, पण वहिनींचा रंग पूर्ववत दिसेपर्यंत भाऊ काही जेवणार नाहीत, तेव्हा आपणही थांबू.