जोखमीचा रकाना

नाही नाही मॅडम, असं नाही लिहिता येत — 'बाजार पडला, माझे पैसे बुडाले, साहेबांनी भरून द्यावेत' — ग्राहक आयोगवाले पहिल्याच दिवशी अर्जी परत करतील. बसा, त्या स्टुलावर बसा, पाय हलतो त्याचा पण पडत नाही. तेवीस वर्षं झाली या कौतिकला कचेरीच्या गेटवर टायपिंग करून — वकील नाही मी, पण वकील येऊन मला विचारतात — हसता काय, खरंच विचारतात! बाजार पडला, यात तुमचे पैसे गुंतवणाऱ्या श्रीकांतसाहेबांचा काय गुन्हा? केळीची गाडी घ्या. तुम्ही माल भरला, दिल्लीत भाव कोसळला — ड्रायव्हरला धराल? नाही ना. पण तुम्ही म्हणालात, इथं भुसावळलाच उतरव बाबा, थोडं कमी मिळालं तरी चालेल — आणि हा पठ्ठ्या पोचला दिल्लीला! मग? मग धरायची त्याची मानगूट. बस, हीच तुमची केस. साहेबांना काय सांगितलं होतं तुम्ही? — सुरक्षित ठिकाणी ठेवा, असं? — अहो मग जिंकलात! सिंधीपुऱ्यात तीस वर्षं पोरं शिकवून मिळालेली ग्रॅच्युइटी, ती निम्मी व्हायची म्हणजे काय चेष्टा आहे का?

गुंतवणुकीच्या फॉर्मची झेरॉक्स आणलीत? शाब्बास, शेवटी मास्तरीणबाई त्या मास्तरीणबाई. यात एक रकाना असतो बघा — जोखीम घ्यायची क्षमता — कमी, मध्यम, जास्त. तुमची खूण 'कमी'वर असली की साहेब अडकले. बघू... 'जास्त'. 'जास्त'वर आहे हो. तुम्ही केली? — नाही? साहेबांनीही नाही? मग कोणी...

हं. अशी लांब शेपटीची खूण मीच करतो. साहेबांच्या ऑफिसचं उद्घाटन होतं ना, त्या दिवशी मला बाहेर टेबल टाकून दिलं होतं — फॉर्म इंग्रजीत, लोकांना कळेना, मी भरायचो, फॉर्ममागे वीस रुपये आणि वर मावा जिलेबी. तुम्हीही होतात त्या रांगेत? — असं. नाही, विचारलं नाही मी कोणाला. काय विचारायचं? आयुष्यभर कर्जाचे फॉर्म भरले — क्षमता विचारली की सगळ्यात मोठ्या रकान्यात खूण करायची, कमी लिहिलं की बँक परत पाठवते. आमच्या गेटचा रिवाजच आहे तो! सव्वाशे फॉर्म भरले त्या दिवशी. जैनाबादची रंभाबाई, पंच्याहत्तरीची, काठी टेकत आलेली — तिलाही ठोकून दिलं 'जास्त'! आता हसू येतं हो — तुम्ही नका रडू. वाईट मलाही वाटतंय, फार वाटतंय. आणि साहेब माझ्या पाठीमागेच उभे, एकेक फॉर्म हातात घेऊन वाचत होते, रंभाबाईचा वाचून तर माझ्या खांद्यावर थाप मारली, म्हणाले, बढिया, कौतिकभाऊ...

थांबा. वाचत होते की ते! तुम्ही तोंडानं सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं, कागदावर उलटं लिहिलेलं त्यांनी वाचलं — आणि गप्प बसले. भाव पडल्याचा दोष नसेल, पण हा तर आहे! आहे की नाही? आणि हे पाहिलं कोणी — मी. एकट्यानं.

साहेबांचे सगळे करारनामे टायपिंगला माझ्याकडेच येतात हो, निम्मं घर त्यावर चालतं. गेलं ते काम तर गेलं, चालायचं. नाही मॅडम, ही अर्जी मी टाइप नाही करणार — घाबरलो नाही, ऐका तर! साक्षीदारानंच अर्जी लिहिली तर त्यांचा वकील मला सोलून काढेल. पलीकडे निळ्या छत्रीखाली उखर्डू बसतो, त्याच्याकडे जा. साक्षीदार, कौतिक महाजन, कचेरी गेट — एवढं सांगा. पैसे कसले काढता, ठेवा ते. जा, उठा. आणि त्याला म्हणावं, एकेक ओळ तुम्हाला विचारून लिही. दाखवायची, विचारायची, मगच लिहायची. जा.